चिंगळीला दात येतायत, पडवीत काही शिल्लक ठेवीना

पोफळीची_वाडी · २६ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर गुहागर तालुक्यात. मागे नारळ-पोफळीची (सुपारीची) वाडी, आणि पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. जानेवारीत ह्यांनी वेलदूरच्या जेटीवरून एक पिल्लू उचलून आणलं. मासळीच्या टोपल्यांमधून एकटंच फिरत होतं, आई कुठे दिसेना. गावठी, मादी, रंगाने तांबूस, पुढचे दोन पाय पांढरे. तिथल्या बायका तिला चिंगळं (बारीक कोळंबी) घालायच्या म्हणून नाव चिंगळी. आता चारेक महिन्यांची असेल. नक्की वय कुणालाच ठाऊक नाही.

आत्तापर्यंत गुणी होती. पण शिमगा झाला आणि हिच्या अंगात काय शिरलं कळेना. झोपाळ्याच्या फळीची कड कुरतडली, सासऱ्यांच्या आरामखुर्चीचा हात कुरतडला, केरसुणी तर दर आठवड्याला नवी लागते. वाडीत पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं जाड साल) पडली की ती ओढत पडवीत आणते आणि चिंध्या करून ठेवते. त्याचं काही नाही, विरी फुकटची आहे. पण गेल्या रविवारी पुण्याच्या पाहुण्यांची सँडल गेली, तिचे पैसे भरून द्यावे लागले.

परवा अंगण सारवताना हाताला काहीतरी बोचलं. खडा असेल म्हणून उचलला तर दात! तांदळाच्या कणीएवढा, आतून पोकळ, बुडाशी जरा लाल. तेव्हा उलगडा झाला.

आता घरात सगळे वैद्य झालेत. सासूबाई म्हणतात लवंगेचं तेल चोळ. शेजारचे भाऊ म्हणतात मटणाची नळी टाक समोर, दिवसभर आवाज नाही. आमचे हे म्हणतात दोन फटके दे, समजेल. मुलगी म्हणते आई, तिला दुखतंय गं. मला मुलीचं पटतं, पण करायचं काय ते सुचत नाही. मे महिना तोंडावर आलाय, खोल्या भरलेल्या, शिवाय मुंबईहून दीर-जाऊ पोरांना घेऊन येणार. खेळता खेळता ही हात तोंडात धरते आणि चांगलंच टोचतं. हे किती दिवस चालतं? आणि तोवर तिला चावायला काय देऊ?

---

ठाणेकर_मूळचा_लांज्याचा · २६ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, आमच्या लॅब्राडोरने ह्याच वयात सोफ्याचा एक कोपरा खाल्ला होता, तेव्हा तुम्ही स्वस्तात सुटलात :) रबराचं खेळणं फ्रीजरमध्ये ठेवून द्यायचं, गार लागलं की बरं वाटतं त्यांना. आणि लहान बाळांच्या हिरड्यांना लावायचं जेल मिळतं मेडिकलमध्ये, आम्ही ते लावायचो. फरक पडतो.

---

दोन_दाती · २७ एप्रिल, सकाळी ६:०५

वहिनी, आधी त्या जेलचं बोलतो, कारण हे वाचून कुणीतरी आज संध्याकाळी ते घेऊन येईल. ठाणेकर, राग मानू नका. तुमचं कुत्रं मोठ्या अंगाचं होतं म्हणून निभावलं असेल. बाळांच्या बऱ्याच जेलमध्ये बधिर करणारं औषध असतं, बेन्झोकेन नाहीतर लिडोकेन. बाळ ते थोडं थुंकतं, कुत्रं सगळं चाटून गिळतं. बेन्झोकेन जास्त पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. काही जेलमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घालतात, ते कुत्र्याला विषच. लवंगेचं तेलही नको. कोवळी हिरडी पोळते आणि पोटात गेलं की यकृताला त्रास. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची अर्धी गोळी कुणी सुचवली तर तीही नको. माणसाचं वेदनाशामक कुत्र्याला देऊन मग रडत दवाखान्यात आलेले लोक मी पाहिलेत.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. उभा जन्म गुरांच्या तोंडात बोटं घालण्यात गेला. बाजारात बैल घेणारा माणूस आधी ओठ वर करतो. अदंत आहे (कायमचा दात एकही नाही), दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलाय (सगळे कायमचे आले), त्यावर भाव ठरतो. (बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, हे दरवेळी एखादा नवखा गिऱ्हाईक विचारायचा, ‘पडले का हो ह्याचे?’) पिल्लाचं वयही तसंच काढता येतं, फक्त वर्षांच्या जागी आठवडे धरायचे.

चिंगळी दमून पेंगत असेल तेव्हा मांडीवर घ्या आणि ओठ हलकेच वर करा. पुढचे दात बघा, वर सहा, खाली सहा. मधले दोन-चार रुंद, पांढरेशुभ्र, आणि त्यांच्या कडेला तीन बारीक कंगोरे दिसले तर ते नवे. बाजूचे अजून बारीक आणि टोकदार असतील तर ते दुधाचे. असं अर्धं-अर्धं दिसलं म्हणजे पोरीने चार महिने ओलांडलेत. पुढचे सगळे बदलले आणि सुळे मात्र अजून बारीकच, तर पाचाच्या आसपास. सुळे पाच ते सहा महिन्यांत बदलतात. अगदी मागच्या दाढा सहा-सात महिन्यांपर्यंत येत राहतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की अजून दोन-अडीच महिने धरून चाला. पण सगळा वेळ एवढा जोर नसतो. पुढचे दात आणि सुळे बदलताना जास्त, मग उतरतो.

दुधाचे दात २८ असतात, कायमचे ४२. दुधाच्या दातांत मागच्या दाढा नसतातच, त्या थेट कायमच्या येतात. खालून नवा दात वर येतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं आणि वरची टोपी तेवढी गळून पडते. तुम्हाला सापडलेला दात पोकळ होता तो म्हणूनच. बाकीचे ती जेवणाबरोबर गिळून टाकणार, शोधत बसू नका, काही होत नाही. चावलेल्या वस्तूवर रक्ताचा ठिपका दिसेल, लाळ जास्त गळेल, तोंडाला थोडा लोखंडासारखा वास येईल. हे सगळं चालायचंच.

आता खरी गोष्ट. पोफळीची वाडी असं नाव वाचलं आणि माझं लक्ष तिथेच गेलं. विरी चावू दे. सुपारी नको. ओली नको, वाळत घातलेली नको, सोललेली नको, टरफलासकट नको. सुपारीत अरेकोलीन असतं. एके काळी कुत्र्यांच्या पोटातले चपटे जंत पाडायला हेच औषध वापरत. जंत पडायचे, पण कुत्रंही लाळ गाळत, ओकत, ढाळ लागून आडवं व्हायचं, म्हणून ते मागे पडलं. डॉक्टर मापून देत तेव्हा ही गत, मग पिल्लाने अंगणातून सुपाऱ्या उचलून चावल्या तर किती जातील त्याला माप नाही. भरीला अख्खी सुपारी घशात अडकते ती वेगळीच. तुम्ही खळ्यात सुपारी वाळत घालत असाल तर जाळी नाहीतर कुंपण करा. लाळेची धार, उलटी, थरथर असं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ डॉक्टर गाठा.

तसाच आंब्याचा बाठा. आत्ता हंगाम आहे, पाहुणे अंगणात बसून आंबा चोखतात आणि बाठा बाजूला फेकतात. चोखलेला बाठा गुळगुळीत असतो, पिल्लू गिळतं, तो आतड्यात जाऊन बसतो. मग पोट फाडावं लागतं. ओल्या काजूबियांच्या सालीचं तेल तोंड भाजतं, तेव्हा बोंडू (काजूची फळं) पिळायचे दिवस असतील तर तिला लांब बांधा. दारात कण्हेर असेल तर तिच्या खालच्या काटक्याही चावू देऊ नका.

सोडणाचं, म्हणजे नारळाच्या वरच्या काथ्याच्या सालीचं, मला पुष्कळ जण विचारतात. आपल्याकडची निम्मी कुत्री सोडण चघळूनच मोठी होतात, खरं आहे. पण काथ्याचे लांब धागे गिळले तर आतडी गोळा होतात, सुंभाचंही तेच. तुम्ही समोर बसलेल्या असाल तर पाच-दहा मिनिटं चघळू द्या, धागे सुटायला लागले की काढून घ्या. तिला ते देऊन आत स्वयंपाकाला जायचं नाही.

नळीबद्दल शेजारच्या भाऊंना माझा नमस्कार सांगा आणि नळी त्यांच्याच ताटात राहू द्या. शिजलेलं हाड फुटलं की त्याच्या सळ्या होतात. कच्चं टणक असतं, त्याने नवी दाढ तडकते. माझी साधी परीक्षा आहे. वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. नख जराही रुतलं नाही तर ती वस्तू पिल्लाच्या दातांसाठी फार कडक. करवंटी, बैलाचं खूर, दगड सगळं ह्यात बाद होतं.

मग द्यायचं काय? जुना पंचा घ्या, भिजवा, पिळा, मध्ये एक घट्ट गाठ मारा आणि फ्रीजरमध्ये टाका. कडक झाला की गाठीचा भाग तिच्या तोंडात द्या आणि दुसरं टोक हातात धरा. दहा मिनिटांत पघळतो, मग दुसरा काढायचा. दोन-तीन पंचे फिरते ठेवा. धागे निघायला लागले की फेकून द्या. उकड्या तांदळाची पेज पसरट वाटीत गोठवून द्या, वर मासळी उकडलेलं पाणी चमचाभर, मीठ-कांदा-लसूण न घातलेलं. ती चाटत बसते आणि हिरडीला गार लागतं. आमच्या घरी सगळ्यात हाच उपाय चालला. जाड गाजर अख्खं गार करून दिलं तरी चालतं, पण तुकडा मोडून गिळायला लागली तर काढा. विकतचं रबरी खेळणं घ्यायचं तर तिच्या जबड्यापेक्षा मोठं घ्या.

फटक्यांचं. वहिनी, तुमच्या ह्यांना सांगा, तोंडावर मारलेलं कुत्रं चावायचं सोडत नाही, हात दिसला की दबकायला शिकतं, आणि दबकणारं कुत्रं पुढे पाहुण्यांना चावतं. खोल्या भाड्याने देणाऱ्या घराला ते परवडायचं नाही. ती हात धरते तेव्हा ‘आई गं’ करून ओरडा, खेळ जागच्या जागी थांबवा, उठून दुसरीकडे जा. पिल्लाला खेळ बंद होणं फार लागतं. घरातल्या सगळ्यांनी तेच करायचं, हा मुद्दा आहे. सासरे लाडाने हात चावू देतात आणि तुम्ही ओरडता असं झालं तर ती काही शिकायची नाही.

आणि संध्याकाळी सातनंतर जास्त पिसाळल्यासारखी करते ना? दिवसभर पाहुणे, पोरं, गाड्या. तिची झोप होत नाही. दुपारी माजघरात अंधार करून बांधून ठेवा दोन तास.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. दात येताना जेवण जरा कमी होईल, मऊ मागेल, एवढंच. जुलाब, रक्ताची हगवण, दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, अंग तापणं हे दातांचं नसतं. ‘दात येतायत हो, होतं असं’ म्हणत लोक घरी बसतात आणि पार्व्होने (पिल्लांच्या आतड्याचा विषाणूचा रोग) नाहीतर गोचीडतापाने पिल्लू जातं. नोकरीत मी हेच वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं असेन. लसी कुठवर आल्यात ते लिहा.

---

मालवणचो_बापू · २७ एप्रिल, सकाळी ९:३०

काकांनी सांगल्यांनी ता सगळा बरोबर असा. माजा येकच. वयनी, चिंगळेक दर्यार न्हेतास काय? रापण ओढून झाली की जाळ्यातलो केंड मासो वाळयेत टाकून देतत. पोट फुगलेलो, काटेरी, पिल्लाक खेळण्यासारखो वाटता. तेच्यात जबर विष असता, सुकलो तरी जायत नाय. आमच्या वाडयेतलो एक कुत्रो तेनाच गेलो. आनी जाळ्याचे नायलॉनचे तुकडे, गळ लागलेली दोरी, ह्या बगून घेवा. दात शिवशिवतत तेव्हा ही पोरा काय पन तोंडात घालतत.

---

पोफळीची_वाडी · १ मे, दुपारी ३:२०

काका, बापू, तुमचे उपकार कसे फेडू. सुपारीचं आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सासऱ्यांनी त्याच दिवशी खळ्याला जुनी मासेमारीची जाळी लावली, आणि बापू, त्या जाळीला गळ नाही ते आधी बघितलं हो.

ओठ वर करून पाहिले. खालचे मधले चार रुंद, कंगोरे स्पष्ट दिसतात. वरचे दोन नवे, बाकी बारीक. मुलीने वहीत चित्र काढून ठेवलंय आणि रोज संध्याकाळी एकेका दातावर खूण करते. हा तिच्या सुट्टीचा प्रकल्प झालाय.

गोठवलेल्या पेजेने तर जादू केली. पण आमच्याकडे वीज दुपारी जाते ती कधी येईल सांगता येत नाही, म्हणून वाट्या रात्रीच गोठवते आणि सकाळी पाहुण्यांच्या चहाच्या वेळी देते. तेवढा अर्धा तास सगळ्यांच्या चपला सुरक्षित. झोपाळ्याच्या फळीला कारल्याचा रस लावला. दोन दिवस वास घेऊन परत फिरली, तिसऱ्या दिवशी परत कुरतडायला लागली. रोज लावावा लागणार बहुतेक.

आमचे हे अजून मुद्दाम ‘आई गं’ ओरडायला लाजतात. पुतण्या ओरडतो ते बघून हसतात. असो.

आता एक काळजीची गोष्ट. पुतण्या नऊ वर्षांचा आहे. काल तिच्याशी बॉल खेळताना तिचा दात त्याच्या मनगटाला लागला. खोल नाही, पण कातडी फाटून रक्त आलं. तिने रागाने चावलेलं नाही, बॉल समजून पकडलं. घरचीच कुत्री आहे. जाऊबाई घाबरल्यात, दीर म्हणतात दुधाचा दात लागला तर काही होत नाही. चिंगळीला नऊ रोगांची लस दोनदा झालीय, रेबीजची तारीख पुढच्या आठवड्यात दिलीय डॉक्टरांनी. आम्ही जखम धुतली आणि हळद लावली. पुढे काही करायला हवं का?

---

आरोग्य_केंद्रातून · १ मे, दुपारी ३:५५

ताई, मी माणसांची डॉक्टर आहे, कोकणातल्याच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. हे वाचलं म्हणून घाईने लिहितेय. आजच मुलाला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या.

दुधाचा दात आणि कायमचा दात ह्यात रेबीजच्या दृष्टीने काही फरक नाही. विषाणू लाळेतून येतो, दात किती महिन्यांचा ते त्याला कळत नाही. पिल्लांनाही रेबीज होतो. तुमची चिंगळी जेटीवरून आलेली, तिची रेबीजची लस झालेली नाही, आणि मुलाच्या जखमेतून रक्त आलंय. रक्त आलं म्हणजे आमच्या भाषेत ती तिसऱ्या श्रेणीची जखम. त्यात लसीबरोबर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिद्रव्यं) द्यायचं की नाही तेही डॉक्टर बघतील.

हळद आधी धुवून काढा. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. मग आयोडीनचं औषध असेल तर लावा. हळद, चुना, तिखट, तेल काही नको, आणि पट्टीही बांधू नका. लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. दंडात कातडीत द्यायची पद्धत असेल तर ०, ३, ७ आणि २८ ह्या दिवशी, स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८. पोटात चौदा इंजेक्शनं वगैरे आता काही नसतं, हे मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो गाडीतच बसणार नाही.

कुत्री घरात आहे म्हणून एक सोय आहे. दहा दिवस तिच्यावर लक्ष ठेवा. ती ठणठणीत राहिली तर पुढचे डोस घ्यायचे की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस बघून मग सुरू करू, असं उलटं करायचं नाही. आधी सुरू, मग बघणं.

मे महिन्यात माझ्याकडे निम्म्या केसेस अशाच येतात. मुंबईची पोरं आणि गावची पिल्लं.

---

ठाणेकर_मूळचा_लांज्याचा · १ मे, संध्याकाळी ७:१०

जेलचं वाचून बायकोने घरातली अर्धी ट्यूब फेकली :) डॉक्टर मॅडम, घरातलं कुत्रं लस घेतलेलं असेल तर?

---

आरोग्य_केंद्रातून · १ मे, रात्री ८:३०

तरी केंद्रात येऊन दाखवा. कार्ड घेऊन या, वेळच्या वेळी डोस झालेत का ते बघून ठरवतात. फोनवर मी ‘नको’ म्हणणार नाही.

---

पोफळीची_वाडी · २ मे, सकाळी १०:००

काल संध्याकाळीच नेलं. पहिला डोस झाला, बाकी तारखा मुंबईत त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यात घेतील. चिंगळीच्या लसीसाठीही फोन केला, आमचे डॉक्टर म्हणाले आता दहा दिवस नजरेखाली ठेवा, मग लस. पुतण्याने आता सगळ्या वाडीला सांगितलंय की मला कुत्रा चावला. घरात त्याचा भाव वाढलाय.

---

पोफळीची_वाडी · १४ जून, रात्री ९:१५

मंडळी, परत मीच. पाऊस लागला, पाहुणे गेले, चिंगळीची रेबीजची लसही झाली. पडवीतलं कुरतडणं पुष्कळ कमी झालंय. मुलीच्या वहीप्रमाणे पुढचे सगळे दात बदलले. काकांच्या हिशेबाने आता ती सहा महिन्यांची.

पण वरच्या उजव्या बाजूला एक गडबड दिसतेय. नवा सुळा चांगला वर आलाय, जाड आहे, आणि त्याच्या मागेच जुना बारीक सुळा तसाच उभा. दोन सुळे एकमेकांना चिकटून. मधे भाताचं शीत अडकलेलं दिसतं. डाव्या बाजूला असं नाही, तिथला जुना पडून गेला. हलवून पाहिला तर जुना हलतही नाही. आमचे हे म्हणतात लहानपणी आमचे दात आईने दोरा बांधून काढले, हिचाही काढू. मी अजून हात लावू दिलेला नाही.

---

दोन_दाती · १५ जून, सकाळी ५:५०

दोरा नको, पक्कड तर मुळीच नको. कुत्र्याच्या दुधाच्या सुळ्याचं मूळ वर दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं. ते आत मोडलं तर हिरडीत पू होतो, आणि ओढताना शेजारच्या नव्या दाताला धक्का बसला तर जन्माचा दात जातो. तुमच्या ह्यांची आई हुशार असेल, पण माणसाच्या दाताचं मूळ पडायच्या वेळेपर्यंत विरघळलेलं असतं. हिचं ह्या एका जागी विरघळलेलं नाही, भानगड तीच आहे.

नवा सुळा नुसता डोकावत असता तर मी म्हटलं असतं थांबा, कधी कधी आठ-पंधरा दिवसांत जुना आपोआप जातो. पण तुम्ही म्हणता नवा चांगला वर आलाय आणि जुना घट्ट आहे. मग थांबण्यात फायदा नाही. एका जागी एकाच जातीचे दोन दात राहू द्यायचे नाहीत. मधे अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि नवा दात वाकडा येतो. पॉमेरियन वगैरे लहान जातींत हे फार दिसतं, गावठी कुत्र्यांत कमी, पण होतं.

भूल देऊन काढावा लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गुरांचं काम चालतं, तिथे भुलेची सोय असेलच असं नाही. चिपळूण किंवा रत्नागिरीला कुत्र्या-मांजरांचं काम करणारे डॉक्टर गाठा. आणि नसबंदी करायचीच असेल तर त्याच भुलेत दोन्ही होतं का ते विचारा. एकदाच भूल, एकदाच खर्च, एकदाच गाडी. भादव्यात तुमच्या दारात गावचे सगळे बोके-कुत्रे जमण्याआधी हे झालेलं बरं. बोके चुकून लिहिलं, पण राहू दे.

तोवर रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने ती फट पुसून घ्या. टूथपेस्ट माणसांची लावू नका.

---

पोफळीची_वाडी · १७ जून, दुपारी १:४०

रत्नागिरीला बुधवारची वेळ मिळाली. दात आणि नसबंदी दोन्ही एकदम करतो म्हणाले, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलंय. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून जाणार. हिला गाडी लागते, मागच्या वेळी माझ्या साडीवर सगळं काढलं होतं. ह्या वेळी पोटात काही नसणार, तेवढं एक बरं.